मगदूम सर आणि अजितचा कॉम्प्युटर

मगदूम सर रोज सकाळी कॉम्प्युटरला उत्तर द्यायचे. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटायची. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी: 'नमस्कार बाबा. चहा घेतला का?' सर किंचित पुढं वाकून म्हणायचे, "घेतला रं." मग आमच्याकडं वळून, "बसा की आता. उभं का राहिलायसा?" नव्या मुली ओढणीआड हसायच्या. मला हसू यायचं नाही. ती ओळ कुणी लिहिली होती ते मला ठाऊक होतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. शाहूपुरीत सरांचा टायपिंगचा क्लास होता आणि मी तिथं शिकवत होते. सर मूळचे कुरुंदवाडचे. आवाज खणखणीत, सदऱ्याला कायम कडक इस्त्री. शिकणाऱ्याच्या हातांवर ते रुमाल टाकायचे. "बोटांकडं बघायचं न्हाय. तुझीच बोटं हाईत, कुठं पळून जात्यात?"

त्यांचा एकुलता एक मुलगा अजित पुण्याहून शिकून आला आणि त्यानं क्लासात कॉम्प्युटर आणला. सर त्याला हात लावेनात. "ह्या डब्यात कागद कुठनं घालायचा?" असं विचारून ते लांब बसायचे. बाबांनी रोज निदान एकदा तरी बटण दाबावं, म्हणून अजितनं ती ओळ आत घातली होती. तरीही सर तिकडं फिरकले नाहीत.

कबनूरला एका कारखान्यात कामाला जाताना अजितच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तो जागीच गेला. त्यानंतर क्लास बरेच दिवस बंद होता. उघडला त्या सकाळी सरांनी कॉम्प्युटरवरची खोळ काढली आणि पहिल्यांदाच बटण दाबलं. ओळ उमटली. सर तिच्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "घेतला रं."

पुढं अजितची पुस्तकं वाचून आणि मला विचारून विचारून त्या वयात ते कॉम्प्युटर शिकले, शिकवायलाही लागले. मुली चुकल्या तर म्हणायचे, "मशिनीला भिऊ नगंस. माझ्या पोरानं आणलीया ती, चांगली हाय."

एका दुपारी काम चालू असताना वीज गेली. परत आल्यावर बटण दाबलं, तर मशीन सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत एवढंच आलं, की चालू होण्यासाठी लागणारी फाइल खराब आहे किंवा सापडत नाही. सरांनी पुन्हा बंद करून चालू केलं. पुन्हा तेच.

दुरुस्तीवाला आला. "सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल," तो म्हणाला.

"पुसायचं न्हाय," सर म्हणाले.

"मग चालू होणार नाही."

"न्हाय झालं तर ऱ्हाऊ दे तसंच. पुसायचं न्हाय."

तो गेल्यावर मला अजितनं दाखवलेलं आठवलं. कपाटात त्याची एक फ्लॉपी होती. असं झालं तर तिच्यावरून मशीन सुरू करायचं आणि खराब झालेल्या फाइली तिच्यावरून पुन्हा आत घालायच्या. मी फ्लॉपी घातली, आज्ञा टाइप केल्या. सर माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू केलं आणि ते चालू झालं. धडे होते, मुलींचं काम होतं. फक्त ती ओळ आली नाही.

ती ज्या फाइलीत होती ती मी उघडली. नाव होतं, पण आत सगळी भलतीच चिन्हं. हसरी तोंडं, पत्त्यांतले बदाम, मधेच एखादं अक्षर.

"ह्यात हाय का ती?" सरांनी विचारलं.

"नाही सर. ती फाइलही खराब झालीय." मग मी म्हणाले, "सर, मला ओळ पाठ आहे. मी परत लिहिते. तशीच दिसेल."

"नगं," ते म्हणाले. "तू लिवलीस तर ते तुझं इचारणं हुईल, पोरी. त्येनं इचारलं तेवढं इचारलं." मग बाकावर बसले आणि चष्मा काढून रडले. अजितच्या वेळी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, शिकवलं. आवाज मात्र उतरला तो उतरलाच. पुढच्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यानंतर कुरुंदवाडच्या घरी राहायला गेल्या होत्या. मी त्यांना भेटायला गेले. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "क्लासात बोलायचे का गं ते?"

"हो काकू, दिवसभर. मुलींशी, माझ्याशी."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "अजित गेल्यापासनं घरात एक शब्द बोलत न्हवते."