शालनअक्काचा पायगुण

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय आणि धनंजय चादर ओढून, डोळे मिटून भाषणाची उजळणी करतोय. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद आहे: मुलांना शाळेत घालावं की घरीच शिकवावं. धनंजयची बाजू अर्थातच घरची. गावात हा विषय निघाला की लोकांना त्याचंच नाव आठवतं, कारण त्याची अकरा वर्षांची जुई शाळेची पायरी एकदाही चढलेली नाही.

त्याची दोन वाक्यं हुकमी आहेत. पहिलं, शाळा ही आजच्या काळातली सगळ्यात मोठी अंधश्रद्धा आहे. ह्यावर टाळ्या ठरलेल्या. दुसरं, थोरल्या बहिणीच्या दाखल्याचं. आमची शालनअक्का पाचवीनंतर घरीच शिकली, पण भाकरी थापता थापता तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ केले तिनं! ह्यावर तर बायका डोळे पुसतात.

आज मात्र उजळणी नीट होत नाही. जेवताना जुईनं ताटातली शितं गोळा करत म्हटलं होतं, "बाबा, मला शाळेत जायचंय." धनंजय चिडला नाही. आपण चिडत नाही ह्याचाच त्याला केवढा अभिमान. तो गोड बोलून म्हणाला, की तू स्वतंत्र आहेस, आधी कारणं काढ, मग आपण त्यावर वाद घालू. आणि लगोलग आठवण करून दिली, की संध्याकाळी ठरल्याप्रमाणे स्टेजवर येऊन मला घरीच शिकायला आवडतं एवढं म्हणायचं. जुईनं मान हलवली. बायको भांडी उचलायला लागली.

डोळा लागतो न लागतो तोच भाकरी थापल्याचा आवाज येतो. घरात आज भाकरी नाही. तो कूस बदलून बघतो तर पलंगाशेजारी चूल पेटलेली आणि चुलीपुढं शालनअक्का. अक्का जाऊन दोन उन्हाळे झाले हे त्याला ठाऊक आहे. पण समोर बसून भाकरी थापणाऱ्या माणसाला, तू मेलीस की गं, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

"एकोणतीसचा म्हण," अक्का म्हणते.

तो शहाण्या पोरासारखा सुरू करतो. एकोणतीस छक्के एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत जातो आणि अडकतो.

"सत्ते दोनशे तीन," ती तव्यावर भाकरी टाकते. तव्यामागं भिंत नाही, खुर्च्या आहेत, रांगेनं लावलेल्या, माणसांनी भरलेल्या. धनंजय माइकपाशी उभा आहे आणि त्याचं तोंड आपसूक चालू आहे. आमची शालनअक्का, पाचवीनंतर घरीच. टाळ्या पडतात. पहिल्याच रांगेत अक्का बसलीय, हाताला पीठ तसंच. तिनं वर्गातल्या मुलीसारखं एक बोट वर केलंय.

तो बघून न बघितल्यासारखं करतो. बोट खाली येत नाही.

"पाचवीला मी किती दिवस गेले ते सांग की ह्यांना."

"अक्का, लोक आहेत गं."

"एक दिवस," अक्काच सांगते.

माइक गळून पडतो आणि धनंजय खाटेवर आहे, सहा वर्षांचा, अंगात फणफणून ताप. अक्का उंबऱ्यात उभी आहे, खांद्याला नवं दप्तर, एक पाय बाहेर. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. ती पहिल्या दिवशी जाऊन आली आणि त्याच रात्री हा तापानं फणफणला. देवऋषीनं तांदूळ टाकून सांगितलं, पोरीचा पायगुण वाईट, तिचा पाय शाळेकडं वळला की पोराच्या जिवावर बेततं. तालुक्याच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिलं होतं, पण श्रेय गेलं अक्काच्या घरी बसण्याला. आईनं दप्तर माळ्यावर टाकलं आणि पोरीच्या हातात परात दिली. पाढे अक्का शिकली ते खरं, पण हा घोकायचा ते ऐकून ऐकून. ही गोष्ट धनंजयनं कुठल्याच भाषणात सांगितलेली नाही.

"मी लहान होतो," तो चादरीतून म्हणतो.

"होतास की. त्याचा राग हाय कुणाला?" अक्का येऊन पायथ्याशी बसते. "आता मोठा झालास. जुई शाळेत गेली तर आता कुणाला ताप येईल, धना?"

भल्याभल्यांना गप्प करणारा धनंजय चादर तोंडावर ओढून घेतो. शरमेनं त्याला रडू येतं. मोठ्या माणसाचं, आवाज न करता येणारं.

अक्का रागवत नाही. ती त्याच्या चादरीचं टोक हातात घेते. त्याची पेन्सिल हरवली की ती अशीच पदराला गाठ मारायची. गाठ मारली की वस्तू सापडते म्हणायची आणि मग घरभर वाकून वाकून स्वतःच शोधायची. ह्या गाठीची त्यानं भाषणात टिंगलसुद्धा केलीय.

"माझं दप्तर हरवलंय बघ," ती गाठ आवळते, शेपूट आत खुपसते. "सापडल्याबिगर सोडू नको."

तो तिचा हात धरायला जातो आणि हातात चादर येते.

खिडकीतून ऊन पलंगावर आलंय. चूल नाही, खुर्च्या नाहीत. उशी ओली आहे. आणि चादरीच्या पायथ्याच्या टोकाला गाठ आहे, घट्ट, शेपूट आत खुपसलेली. धनंजय नखानं चाचपून बघतो आणि तशीच ठेवतो.

दारात जुई उभी आहे, वेणीफणी करून, इस्त्रीच्या कपड्यात.

"बाबा, मी स्टेजवर नेमकं काय म्हणायचंय? परत एकदा सांग ना."

"तू काही म्हणायचं नाहीस," तो उठून बसतो. "आईजवळ बसून ऐक. अक्काआत्याला शाळेतून का काढलं, ते आज मी सांगणार आहे. आणि उद्या आपण शाळेत चौकशी करायला जाऊ."

जुईचा विश्वास बसत नाही. "पण मी कारणं काढलीच नाहीत अजून."

"नकोत."

ती जरा जवळ येते. "लोक हसतील ना तुला?"

"हसतील. थोडा ताप येईल मला," धनंजय म्हणतो. "येऊ दे."

जुईला ते खरंच वाटतं. ती पलंगावर टेकते आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बघते, मग गळ्याला लावून बघते.

"नाहीये रे ताप," ती म्हणते.