शेरीफसाहेब आणि केंद्राचा रस्ता

घर भाड्याने मिळावं म्हणून मी आमच्या होणाऱ्या घरमालकांना पहिल्याच भेटीत छाती फुगवून सांगितलं, की माझे वडील जन्मभर केंद्र सरकारच्या नोकरीत होते. या एका वाक्यावर आमच्या घराण्यात लग्नं जमलेली आहेत, शाळेचे प्रवेश झालेले आहेत, आणि एका डॉक्टरांनी तर वडिलांना रांग सोडून आत घेतलेलं मी स्वतः पाहिलं आहे. हे वाक्य ऐकून ज्याचा चेहरा पडेल असा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि मी नेमका त्याच्याच दिवाणखान्यात, त्याच्याच आवडत्या खुर्चीवर बसलो होतो. सहा फुटांच्या वर गेलेल्या त्या म्हाताऱ्याने कॉफीचा कप हळूच बशीत ठेवला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "केंद्र सरकार? स्वखुशीने?" माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. वडिलांना काही दुर्धर आजार होता आणि मी तो तिच्यापासून लपवला, असं तिला वाटलं असणार. शेवटी घरमालकीणबाई म्हणाल्या, "याने न सांगता बूट बाहेर काढलेत. मला तेवढं पुरे आहे. किल्ली दे त्याला." अशा रीतीने जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यात, वडिलांची नोकरी आडवी आली असतानाही, आम्हाला घर मिळालं.

हे आमचे घरमालक, शेरीफसाहेब, मूळचे अमेरिकेतले. तरुणपणी सैन्यात असताना त्यांची इथल्या तळावर नेमणूक झाली, इथल्याच बेकरीवाल्याच्या धाकट्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि तिला घेऊन ते परत गेले. तिकडे ते एका काउंटीचे शेरीफ झाले. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा आणि शेरीफ म्हणजे फौजदार. फरक एवढाच, की आपल्याकडे फौजदार बदलून येतो आणि तिकडे निवडून येतो. निवडून आल्यामुळे त्यांचं असं पक्कं मत झालं, की आपल्या तालुक्यात आपल्या वर फक्त आकाश आहे. एकदा केंद्राची माणसं तिथल्या जंगलातला एक कच्चा रस्ता बंद करायला आली, तर हे त्या रस्त्यात खुर्ची टाकून बसले. ती माणसं कंटाळून परत गेली. खुर्ची सोडताना ते फौजदार राहिले नव्हते, चळवळ झाले होते. मग भाषणं, मोर्चे, दोन्ही खिशांत राज्यघटनेच्या प्रती, कुठल्यातरी मोठ्या निवडणुकीत सणसणीत पराभव. त्या रात्री बायको म्हणाली, "तुझा देश झाला, आता माझा," आणि सामान बांधायला लागली. आयुष्यात साहेबांनी एकच हुकूम मुकाट मानला, तो हा.

फ्रँकोनियात, म्हणजे आमच्या या मुलखात, येऊन माणूस थंडावेल अशी बाईंची कल्पना होती. पण इथे उतरल्यावर साहेबांना दिसलं, की हाही देश केंद्राचाच आहे आणि वर प्रत्येक गोष्टीवर 'बुंडेस', म्हणजे केंद्राचं, असं बेधडक लिहूनही ठेवतो. त्यांना हुरूपच आला. एका खिशातली राज्यघटना बदलून तिथे जर्मन आली. बर्लिनला विरोध तत्त्वाचा, ब्रसेल्सला सवयीचा, आणि गावकऱ्यांशी बिअर पिता पिता म्युनिकच्या राज्य सरकारला विरोध मैत्रीखातर. फुटबॉलची बुंडेसलिगा ते कधीही बघत नसत, कारण नावातच केंद्र आहे. त्याऐवजी दर रविवारी गावाच्या संघाचा सामना बघायला ते मैदानाच्या कडेला उभे राहत. त्या संघात खाटीक गोलकीपर होता आणि चेंडू अडवण्यापेक्षा प्रेक्षकांशी गप्पा मारणं त्याला जास्त आवडे. "हरतात," साहेब अभिमानाने सांगत, "पण स्थानिक पातळीवर हरतात."

त्यांचं जर्मन बायकोकडून शिकलेलं, म्हणजे तिच्या माहेरच्या बोलीतलं, आणि त्यावर अमेरिकेचा टेक्सास-छाप सूर. बर्लिनचा माणूस समोर आला तर त्याला त्यांचा विरोध कळतच नसे. संध्याकाळी हॅट घालून ते गावात एक फेरी मारत. माझ्या सायकलला कुलूप नसेल तर ते सायकल उचलून आपल्या गॅरेजमध्ये ठेवत आणि मी चोरीची तक्रार द्यायला गेलो, की माझीच उलटतपासणी घेत. "शेवटची कधी पाहिलीस? कुलूप कुणी लावलं? म्हणजे कुणीच नाही. इंजिनिअर, गुन्ह्यात तू सामील आहेस." मी कारच्या दरवाज्यांची कुलुपं बनवणाऱ्या खात्यात नोकरीला होतो, हे त्यांना कळलं तेव्हा ते बराच वेळ हॅट काढून बसले.

पण या सगळ्या गमतीच्या मधोमध एक रस्ता होता. गावाला चिरत जाणारी ती बुंडेसश्ट्रासे, म्हणजे केंद्राचा रस्ता. अलीकडे आम्ही आणि साहेबांचं घर, पलीकडे बसचा थांबा, बेकरी आणि बरोब्बर समोर साहेबांच्या मेव्हणीचं घर. दोघी बहिणी सत्तरीच्या पुढच्या. धाकटी इतकी वर्षं अमेरिकेत राहिली ती परत आली कशासाठी, तर रोज दुपारी थोरलीच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला. काही वर्षं प्यायलीही. मग मोटारी वाढल्या, ट्रक वाढले, बाईंचे गुडघे गेले आणि हातात चाकांचा वॉकर आला. एकदा रस्त्याच्या मध्यावर वॉकरचं चाक अडकलं, ट्रकने भोंगा वाजवला, आणि घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "मी आता त्या बाजूला जाणार नाही." थोरलीही काठीवर. तेव्हापासून दुपारी दोघी आपापल्या खिडकीत बसत, आपापला कप एकमेकींना उंचावून दाखवत, आणि मध्ये ट्रक आला की तो जाईपर्यंत थांबत. थोरलीने मेव्हण्याला कधी माफ केलं नव्हतं; ती त्यांना नावानेसुद्धा हाक मारत नसे, 'तो अमेरिकन' म्हणे. आणि खरंच, ज्या माणसाने बायकोला अख्खा अटलांटिक ओलांडून नेलं आणि परत आणलं, त्याला आता तिला रस्ता ओलांडून नेता येत नव्हता.

एकदा त्यांनी रस्त्यात मधोमध उभं राहून, हात वर करून वाहतूक अडवून पाहिली. दुसऱ्या दिवशी तालुक्याची एक तरुण पोलीस मुलगी आली आणि म्हणाली, "शेरीफमहाशय, इथे हात वर करायचा अधिकार माझा आहे." पोलीस स्थानिक होती, त्यामुळे साहेबांनी सलाम ठोकला आणि आठवडाभर तिचं कौतुक केलं. मग त्यांनी झेब्रा क्रॉसिंगसाठी अर्ज केला. रस्ते खात्याने एक दुपार मोजणीला माणूस बसवला आणि कळवलं, की रस्ता ओलांडणारे फारच थोडे आहेत, तेव्हा झेब्रा देता येत नाही. साहेब माझ्या दारात आले. रागावलेले नव्हते, ते मला जास्त जड गेलं. "साक्षीदार घाबरून कोर्टात येत नाही," ते म्हणाले, "आणि जज्ज म्हणतो, गुन्हाच झाला नाही."

तीन हिवाळे त्यांनी पत्रं लिहिली, तेव्हा कुठे खात्याने पुन्हा एकदा मोजायचं कबूल केलं. या वेळी नाही तर कधीच नाही, असंही कळवलं. गावकरी सज्जन होते, पण अस्सल जर्मन. बेकरीवाला म्हणाला, "हो, मी ओलांडेन की, पण मला पलीकडे काही काम असलं पाहिजे." मी साहेबांना सुचवलं, की तारीख सांगा, आम्ही आपले चार-पाच जण इकडून तिकडे हिंडू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझे हात मागे बांधल्यासारखे वाटले. "इंजिनिअर, मी आयुष्यात खोटा पुरावा उभा केलेला नाही. केंद्राविरुद्धसुद्धा नाही." तारीख त्यांना कळली होती, त्यांनी ती बायकोलाही सांगितली नाही.

इथे माझी दुसरी चूक येते. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण बायकोने मला व्हॉट्सॲपवर टाकायला सांगितलं होतं. तिला म्हणायचं होतं शनिवार. मी रथसप्तमी कधी आहे ते बघितलं आणि तोच वार टाकून मोकळा झालो. तो निघाला गुरुवार. बायकोला हे कळलं त्या सकाळी, एका मैत्रिणीने "चारला निघतेय गं ऑफिसातून" म्हणून फोन केला तेव्हा.

"कालनिर्णय बघून तारीख टाकलीस?" बायको म्हणाली.

"शास्त्राप्रमाणे बरोबर आहे."

"शास्त्राप्रमाणे तिळगूळही कर मग. मी चाललेय ऑफिसला."

मी सुट्टी टाकली आणि तिळगूळ केला. तो वडी आणि लाडू यांच्या मधल्या अवस्थेत राहिला.

दुपारी खिडकीतून पाहिलं तर बसथांब्याजवळ घडीच्या खुर्चीवर पिवळं जाकीट घातलेला एक अधिकारी बसलेला, आणि अलीकडच्या कडेला साहेब, हॅट घालून, हात पाठीमागे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चिटपाखरू नव्हतं ते पायी, ट्रक होतेच. मला तेव्हा कळलं, आज काय आहे ते. साहेबांचा चेहरा, शिक्षा सुनावणारा जज्ज यायची वाट बघावी तसा होता. पलीकडे खिडकीत थोरली, अलीकडे धाकटी.

तेवढ्यात एर्लांगनची बस आली आणि तिच्यातून माझ्या बायकोसकट आमचं मित्रमंडळ उतरायला लागलं. पैठणीवर गुडघ्यापर्यंत जॅकेट, खाली बर्फाचे बूट, हातात डबे, कडेवर पोरं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि "चला गं" म्हणून पदर सावरत अख्खा थवा रस्त्यावर. ट्रकवाल्याने ब्रेक लावला आणि काच खाली करून बघत राहिला. मागून न्यूर्नबर्गची बस आली, तिच्यातून तेवढाच थवा. माझ्या बायकोने समोरच्या थोरलीलाही बोलावलं होतं. ती आता फाटकाशी येऊन काठी टेकून उभी होती, आज काही जमत नाही अशा चेहऱ्याने. दोघीतिघींनी तिला न विचारता मध्ये घेतलं आणि बोलत बोलत, तिला एक अक्षर कळत नसताना, अलीकडे आणलं. आमच्या दारात धाकटी वॉकर धरून उभी होती. दोघी आत आल्या, सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या, कपाळाला कुंकू लावून घेतलं, आणि धाकटीने घरून आणलेली कॉफी चाखून थोरली म्हणाली, "तुझी कॉफी अजूनही पातळच असते."

तरीही हे सगळं एकदाच ओलांडणं होतं. खरी करामत निघताना झाली. आपल्यात 'येते गं' म्हटल्यावर कुणी जात नाही, हे साहेबांना माहीत नव्हतं आणि अधिकाऱ्याला तर नव्हतंच. पाहुण्यांना पोचवायला यजमानीण थांब्यापर्यंत गेली, तिच्याबरोबर दुसऱ्या पाहुण्या गेल्या, तिथे खरी गप्पांना सुरुवात झाली, बस आली आणि गेली, मग थंडी वाजते म्हणून सगळ्या परत घरी आल्या. कुणाचा डबा राहिला, कुणाचं वाण राहिलं, एकीचं तर पोरच राहिलं होतं. थोरलीला घरी पोचवायला जितक्या गेल्या, तितक्याच तिच्या फाटकाशी अर्धा तास उभ्या राहून परत आल्या. अधिकारी खुर्चीवरून उठला. मी तिळगुळाचं ताट घेऊन जवळ गेलो तेव्हा तो साहेबांना विचारत होता, "बरं, ही निदर्शनं आहेत का? पोलिसांत नोंदवलीत?"

"नाहीत."

"मग या बायका परत का आल्या?"

"निरोप द्यायला गेल्या होत्या."

"आणि आता पुन्हा का चालल्यात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पहिला निरोप घरातल्या घरात असतो."

"हे नेहमी असंच असतं?"

"नेहमी जास्त वेळ लागतो. आज गार आहे."

अधिकाऱ्याने पुन्हा बसून मोजायला घेतलं. मी त्याच्यापुढे ताट केलं, तर तो म्हणाला की ड्यूटीवर काही घेता येत नाही. साहेबांच्या डोळ्यांत मी प्रथमच एका सरकारी माणसाबद्दल आदर पाहिला. तो गेल्यावर मात्र त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग. तारीख कुणी फोडली?" मी म्हणालो, "साहेब, मला माझ्या बायकोच्या हळदीकुंकवाची तारीखसुद्धा माहीत नव्हती." त्यांनी माझा चेहरा नीट वाचला आणि म्हणाले, "यावर विश्वास बसतो."

उन्हाळ्यात झेब्रा रंगवला गेला. पहिल्या दिवशी बेकरीवाल्याने दुकान बंद करून आमच्या बाजूला स्वतःसाठी एक काम शोधून काढलं. बाई वॉकर घेऊन निघाल्या, दोन्हीकडे ट्रक थांबले, आणि त्यांनी घाई म्हणून केली नाही. मध्यावर थांबून वॉकरची पिशवीसुद्धा नीट केली. साहेब अलीकडच्या कडेलाच उभे राहिले. केंद्राला त्यांनी हरवलं होतं, पण पलीकडच्या दारात त्यांना बोलावणं नव्हतं. धाकटी आत गेली, दार लागलं, आणि पुन्हा उघडलं. थोरली ओरडली, "अमेरिकन, तिथे काय उभा आहेस? केक मी तिघांचा केलाय." साहेबांनी हॅट काढली, केसांवरून हात फिरवला आणि रस्ता ओलांडला. केंद्राच्या त्या रस्त्यावर, केंद्राच्या त्या पट्ट्यांवरून, डावीकडे-उजवीकडे न बघता.

त्यानंतर त्यांची चळवळ कमी झाली. बर्लिनला पत्रं जात, पण त्यात पूर्वीचा दम नसे. कधीकधी ते 'आपला नम्र' असंही लिहीत. पुढे मला ड्युसेलडॉर्फला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरून मी निरोप घ्यायला साहेबांच्या घरी गेलो, तर घर बंद. मी झेब्रावरून पलीकडे गेलो. थोरलीच्या स्वयंपाकघरात तिघं बसली होती. साहेब कांदे सोलत होते आणि दोघी त्यांना कसे सोलायचे ते सांगत होत्या. हॅट खुंटीला होती. मी उघड्या दारात उभा राहून सांगायला लागलो, की घराची किल्ली बेसिनपाशी ठेवलीय, की आम्ही येत राहू, की तुम्हीही या, ऱ्हाईनच्या काठाने फिरू. साहेबांनी सुरी खाली ठेवली. कांद्याने असेल, ते बाहीने डोळे पुसत होते. सांगायचं संपलं, म्हणून मी मागचंच परत सांगायला घेतलं. थोरली खुर्चीवरूनच म्हणाली, "आत ये, नाहीतर जा. हीटिंग चालू आहे."