जावयाने दस्तीत बांधलेले रोडगे

ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. दिवाळी आटोपली होती आणि मी अकोला जिल्ह्यात, नरनाळा किल्ल्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक गृहस्थ बायको-मुलांसह मिसिंगची तक्रार द्यायला आले. जावई अमरावतीचा, पहिल्या दिवाळीला आलेला. आदल्या दिवशी सगळे किल्ल्याच्या पायथ्याशी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला गेले आणि तिथूनच जावई नाहीसा झाला. दोन्ही साळे सांगत होते, रुसून एसटीत बसला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. अमरावतीला तो पोचलाच नव्हता आणि फोन लागत नव्हता.

जावयाचं रुसणं आम्हाला नवं नाही, हवालदार गालात हसले. पण मुलीचं रडं थांबेना. तेवढ्यात पायथ्याच्या टपरीवाल्याचा फोन आला. जावयाची साळ्यांशी बोलाचाली झाली होती, त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. सगळ्यांचं हसू मावळलं. घातपाताचा वास येऊ लागला.

साळ्यांना वेगवेगळं बसवलं. खरं बोलणारी दोन माणसं कधी सारखं बोलत नाहीत. या दोघांचा शब्दन् शब्द जुळत होता. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, पण एकही बधला नाही. वैतागून बाहेर आलो. बाकड्यावर सासूबाई बसल्या होत्या. जावई काय जेवले, एवढंच विचारलं.

"जेवले कुठी, साहेब? पंगत बसाच्या आंधीच जवाईबुवा आले, म्हने दोन रोडगे द्या. दस्तीत बांधले आन् गेले. मले कोनी इचारलंच नाई."

डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे रुसलेला जावई सासरचं पाणीही पीत नाही, आणि हा रोडगे मागून, रुमालात बांधून नेतो? हा रुसला नव्हता, लांब चालायला निघाला होता.

धाकट्या साळ्याला विचारलं, "रोडगे घेऊन कुठं गेला?" तो ढसाढसा रडायला लागला. अमरावतीवाल्याले किल्ला चढनं जमत नाई, असं दोघांनी डिवचलं होतं. जावई दिवाळीच्या नव्या बुटांत, तसाच उठून चढायला लागला. बराच वेळ परतला नाही, तेव्हा दुसऱ्या वाटेनं उतरून रागानं घरी गेला असेल, असं हे धरून चालले. पहिल्या दिवाळीच्या जावयाला एकटं डोंगरात पाठवलं हे बापाला कोण सांगणार? म्हणून एसटीची थाप मारली.

वनरक्षक आणि गावकरी घेऊन आम्ही निघालो. अस्वलांचं जंगल, अख्खी रात्र गेलेली. हाका मारत वर चढलो. जुन्या वाटेखालच्या घळीतून क्षीण आवाजात ओ आली, आणि खरं सांगतो, माझेच डोळे भरले. पाय मोडला होता. त्या दोन रोडग्यांवर त्यानं रात्र काढली होती.

स्ट्रेचरवरून त्यानं रडणारा साळा पाहिला. "रडतं कावून? किल्ल्याचा वरचा दरवाजा पाहूनच आलो मी. पाय तं उतरतानी घसरला."

सगळा डोंगर हसला. वर्दीत इतका मोकळा मी कधी हसलो नव्हतो.

पुढे निवृत्तीपर्यंत, माणूस हरवल्याची तक्रार आली की संशयितांच्या आधी मी एकच विचारायचो, याला शेवटचं खायला कोणी दिलं? नवे शिपाई हसायचे, मी हसू द्यायचो. त्या घरी दिवाळीनंतर आजही रोडगे होतात, मलाही बोलावणं असतं. पहिले दोन रोडगे जावयाच्या ताटात पडतात, आणि तो खाऊन उठेपर्यंत दोन्ही साळे त्याच्या शेजारून हलत नाहीत.