काम कुठून निघालं?

आमच्या वारज्यात येऊन तुम्ही शालन गायकवाड कुठे राहतात असं विचारलंत, तर कोणी पत्ता सांगणार नाही. सिस्टर म्हणा, मग कोपऱ्यावरचा भेळवालासुद्धा हातातली कांद्याची सुरी उगारून इमारत दाखवेल. उभा जन्म त्यांनी सरकारी दवाखान्यात काढला, शेवटी वॉर्डच्या मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. पांढरी साडी सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या इमारतीच्या खालीच माझं दुकान आहे. आधी एसटीडी बूथ होता. ज्याच्यात्याच्या खिशात मोबाइल आले तसं बूथकडे कुत्रं फिरकेना, म्हणून झेरॉक्सचं मशीन टाकलं. हिंजवडीत नोकरीला लागणारी पोरं मार्कलिस्टांच्या प्रती काढायला येतात, दोन रुपयांच्या कामाला शंभरची नोट काढतात आणि सुटे नाहीत म्हटलं की माझ्याकडेच रागाने बघतात. शेजारी दादामियाँचं गॅरेज. सकाळी कंपन्यांची पोरं पोचवून आलेले गाडीवाले तिथे चहाला जमतात. म्हणजे गल्लीत काही घडलं तर मला उठून जावं लागत नाही, खुर्चीतूनच सगळं दिसतं.

सिस्टरांचा एक शब्द होता. "कशामुळे?" हा शब्द त्यांनी आयुष्यात जेवढ्यांना ऐकवला तेवढ्यांना नुसतं मोजायचं म्हटलं तरी मी दमेन. लिफ्ट बंद आहे? कशामुळे? दूध पातळ आलं? कशामुळे? सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या की चेअरमन आधीच पाणी प्यायचे. लोक मागे नावं ठेवायचे. मीही ठेवायचो, कारण झेरॉक्स फिकट का आली हे त्यांनी मलाही विचारलेलं आहे. पण या शब्दाने काय केलं होतं तेही ऐका. मुळशीकडची एक बाई वॉर्डात आली होती. गर्भाची पिशवी काढायची म्हणून कुणीतरी बाहेरून लिहून दिलं होतं, आणि नव्या डॉक्टरने तारीखही देऊन टाकली होती. सिस्टरांनी भर वॉर्डात विचारलं, "डॉक्टर, पिशवी काढायची ती कशामुळे?" डॉक्टरला नीट सांगता येईना. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, आणि बाई गोळ्यांवर बरी झाली. पुढे ती तांदूळ घेऊन आली तेव्हा सिस्टरांनी परत पाठवले. पुन्हा आली, पुन्हा पाठवले. मग मात्र बाई रडायलाच लागली, तेव्हा घेतले. ऑपरेशन झालंच, तर काढलेला भाग ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायचा, हाही त्यांच्या वॉर्डाचा शिरस्ता. पाहणाऱ्याला चक्कर आली तरी चालेल, पण काय काढलं ते माणसाला कळलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या.

त्यांचे यजमान रतनराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ते गेले, आणि पुढच्याच वर्षी मुलाची, संजयची, पिंपरीतली कंपनी बंद पडली. पुण्यात तेव्हा एकच धंदा जोरात होता. आयटीतल्या पोरांना घरून उचलायचं आणि घरी आणून सोडायचं. सिस्टरांनी आपल्या फंडातून पैसे भरून आणि उरलेलं कर्ज स्वतःच्या नावावर काढून संजयला डिझेलची गाडी घेऊन दिली. तात्याराव नावाचे एक ट्रॅव्हल्सवाले आहेत, त्यांनी ती एका कंपनीला लावली. संजय पोरगा वाईट नाही. पण त्याला सगळं लवकर हवं असायचं.

गाडी वर्षभर नीट चालली आणि मग चांदणी चौकाच्या चढाला दम टाकायला लागली. सकाळी सुरू होईना. एकदा कंपनीची माणसं आत असतानाच बंद पडली. संजय गाडी ढकलत दादामियाँकडे घेऊन आला. सिस्टरही खाली उतरल्या.

दादामियाँ म्हणजे खडकीत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या घरातला माणूस. बोलणं कमी. त्यांनी गाडी खोलली, आत बघितलं, संजयकडे बघितलं, आणि हात पुसत म्हणाले, "सिस्टर, पंपाचं आणि नोझलचं काम निघालंय. मोठं आहे."

"निघालंय म्हणजे? कुठून निघालं?"

"गाडी आहे. काम निघतं."

"आपोआप?"

"म्हणजे... निघतं."

आता हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. गाडीचं काम निघतं, गच्चीचं काम निघतं, दाताचंही काम निघतं. काढणारा कोणीच नसतो. आपण मान डोलावतो आणि पैसे काढतो. सिस्टरांना मात्र कर्ता नसलेलं वाक्य चालत नव्हतं. त्यांनी तीन-चार वेळा "कशामुळे" विचारलं. दादामियाँ प्रत्येक वेळी थोडे जास्तच खाली बघायला लागले. शेवटी संजयच चिडून म्हणाला, "आई, करू दे ना काम. उद्या गाडी लागली नाही तर तात्याराव दुसरी लावतील." सिस्टर जाताना म्हणाल्या, "जे काढाल ते मला ट्रेमध्ये घालून द्यायचं."

जुना माल गॅरेजमध्येच पिंपात टाकायचा आणि भंगारवाल्याला द्यायचा, ही सगळीकडची रीत. दादामियाँ म्हणाले, "राहू द्या, हात काळे होतील." सिस्टर म्हणाल्या, "माझे हात कशाकशाने भरलेत ते तुम्ही विचारू नका." मग त्यांनी वर्तमानपत्रात बांधून तो जुना पंप दिला. काम झालं. त्यात सिस्टरांची कितीतरी महिन्यांची पेन्शन गेली. गाडी मात्र नव्यासारखी पळायला लागली.

पुणेरी माणसाला दुसऱ्याच्या खर्चाबद्दल मत नसेल तर त्याला रात्री झोप येत नाही. शेजारचा एक म्हणाला, "एवढे? नुसता फिल्टर बदलला असता तरी भागलं असतं." दुसरा म्हणाला, "बाईमाणूस बघितलं की गॅरेजवाले असंच करतात." सिस्टरांच्या डोक्यात आधीच कारण न मिळाल्याची ठिणगी होती. एका सकाळी गाडीवाले चहाला जमलेले असताना त्या खाली आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दादामियाँ, ज्याला कारण सांगता येत नाही, त्याने काम सांगू नये. आपण मला फसवलंत. गरज नसताना पंप बदललात."

आवाज वॉर्डातला, म्हणजे शेवटच्या कॉटपर्यंत पोचणारा. माझ्या मशीनमध्ये कागद अडकला. दादामियाँ एवढंच म्हणाले, "काम गरजेचं होतं, सिस्टर." आणि पाना उचलून गाडीखाली गेले.

ही गोष्ट गाडीवाल्यांबरोबर हिंजवडीपर्यंत गेली. एरवी "दादामियाँनी खोललीय ना, मग बघायला नको" म्हणणारे लोक आता कुठली गाडी खोलायची तर आधी आपसात कुजबुजायला लागले. बरेच जण पलीकडच्या गॅरेजला जाऊ लागले. चहाचे ग्लास कमी झाले. म्हाताऱ्याने बापापासून जपलेलं नाव होतं ते, आणि महिनाभरात त्याला गंज चढला. मला वाईट वाटत होतं. पण सिस्टर कधी चुकत नाहीत असा माझाही समज होता.

सिस्टरांना नुसतं बोलून समाधान नव्हतं, पुरावा हवा होता. आजारात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतात तसं. एक दिवस त्या तो पंप कापडी पिशवीत घालून दुकानात आल्या. "दत्तोबा, शटर ओढा. नाना पेठेत जायचंय. साक्षीदार हवा." नाही म्हणायची माझी काय बिशाद.

नाना पेठेत डिझेलचे पंप दुरुस्त करणारा एक वयस्क माणूस होता. त्याने पंप उघडला, आतला तुकडा बोटावर घासला, उजेडात धरला.

"बदललात हे बरं केलंत," तो म्हणाला. "संपला होता हा. अजून महिना चालवली असती तर इंजिनच बसलं असतं."

सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण शब्द आलाच. "कशामुळे संपला?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ताई, डिझेलमध्ये रॉकेल घालता का तुम्ही? डिझेलला स्वतःचं तेलकटपण असतं, त्यावर पंप चालतो. रॉकेल कोरडं. पंप खाऊन टाकतं."

आम्ही बसने परत आलो. मी पिशवी पोचवायला वर गेलो. आत जाताच त्या थेट मोरीकडे वळल्या.

आता इथे आपल्या लोकांची एक खोड सांगतो. घरात गॅस येऊन जमाना झाला तरी रेशनचं रॉकेल कोणी सोडत नाही. नाही घेतलं तर उद्या कार्डच बंद होईल, ही भीती. सिस्टरही दर महिन्याला रांगेत उभ्या राहून कार्डावर मिळेल तेवढं आणायच्या आणि मोरीतल्या कॅनमध्ये ओतायला संजयकडे द्यायच्या. कॅन जड होता. त्यांनी झाकण उघडून भांड्यात ओतलं. पाणी निघालं.

संजय तेव्हा घरातच होता. त्याने बघितलं आणि मान खाली घातली. "सगळेच घालतात, आई," तो म्हणाला. "घरचं संपल्यावर बाहेरून घेत होतो. डिझेलपेक्षा निम्म्यात पडतं. हप्ता लवकर फेडून तुला मोकळं करायचं होतं."

"दादामियाँना माहीत होतं?"

"खोलल्याबरोबर ओळखलं त्यांनी. मी नजरेनेच विनवलं, आणि तू वर गेल्यावर पाया पडलो, आईला सांगू नका म्हणून. तेव्हापासून घालत नाही, शपथ."

मी निघायला लागलो तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा दत्तोबा. साक्षीदार आहात ना?" मग संजयला म्हणाल्या, "उद्या सकाळी खाली यायचंस. माझ्याबरोबर."

संजयचा चेहरा उतरला. तात्याराव रोज सकाळी तिथे चहाला असतात. रॉकेलची गाडी म्हटल्यावर ते कंपनीत ठेवणार नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं, सिस्टरांनाही ठाऊक होतं. पेन्शन सोडली तर घरात येणारी कमाई तेवढीच होती. तो म्हणाला, "आई, मी एकटा जाऊन त्यांची माफी मागतो. सगळ्यांसमोर कशाला?" सिस्टरांनी पंप पुन्हा वर्तमानपत्रात बांधायला घेतला.

सकाळी त्या खाली आल्या. गाडीवाले होते, तात्याराव होते. सिस्टर दादामियाँसमोर उभ्या राहिल्या, आणि आवाज तोच, शेवटच्या कॉटपर्यंतचा.

"या माणसाने मला फसवलं असं मी इथेच म्हटलं होतं. ते खोटं होतं. पंप बदलणं गरजेचंच होतं. काम आपोआप निघालं नव्हतं. आमच्या संजयने डिझेलमध्ये रॉकेल घातलं, त्याने काम काढलं. आणि ते रॉकेल मी रांगेत उभी राहून घरात आणत होते. दादामियाँ, मी आपली माफी मागते." त्यांनी हात जोडले. मागे उभ्या संजयनेही जोडले.

गल्लीत कोणी चहाचा घोट घेईना. दादामियाँ गडबडून गेले, काळे हात कुठे लपवावेत कळेना त्यांना. "अहो सिस्टर, काय हे..."

"पण तुमचंही चुकलंच," सिस्टर लगेच म्हणाल्या. "मला का नाही सांगितलंत? रोग लपवणाऱ्याला मी वॉर्डात उभं केलं नसतं. महिनाभर शिव्या खाल्ल्यात, गिऱ्हाइकं गेली तुमची, आणि तोंडातून शब्द नाही?" बाई माफी मागायला आल्यात की झाडायला, तेच कळेना.

दादामियाँ हळूच म्हणाले, "मी गाड्या खोलतो, सिस्टर. लोकांची घरं नाही खोलत."

यावर सिस्टरांना काही बोलता आलं नाही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदाच बघितलं. पदराने डोळे पुसून त्या वळल्या.

तात्यारावांनी दुपारीच निरोप पाठवला. दादामियाँ त्यांच्याकडे स्वतः जाऊन आले, पोरगा सुधारलाय म्हणून सांगून आले, पण उपयोग झाला नाही. कंपनीचा नियम. संजयची गाडी कंपनीतून निघाली. तो आठवडाभर आईशी बोलला नाही, मग कात्रजकडे एका शाळेची मुलं पोचवायचं काम मिळालं, त्यात पैसे निम्मेसुद्धा नव्हते. गॅरेजसमोर मात्र गाड्या पुन्हा रांगेत लागल्या, इतक्या की माझ्या दुकानात यायला वाट उरेना.

पुढे एकदा सिस्टर रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. रॉकेल बंद करा असा अर्ज द्यायचा होता त्यांना. मला राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, एकांतात जाऊन दादामियाँची माफी मागितली असती तरी त्यांनी मनात ठेवलं नसतं. गाडीचं कामही टिकलं असतं. चारचौघांत एवढा आवाज कशाला केलात?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आरोप काय मी एकांतात केला होता, दत्तोबा?"