पाटावरून उठताना

"ताई, मावशींच्या ब्लाउजची पुढची उंची वाढवावी लागेल, मागची कमी करावी लागेल. त्या मागे रेलून उभ्या राहतात," टेलर म्हणाला. माप आईचं घेतलं, पण बोलला माझ्याकडे बघून.

"मी सरळच उभी आहे की," आई आरशाकडे बघत म्हणाली.

ती सरळ नव्हती. तुळिंजच्या त्या एवढ्याशा दुकानात मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. पोट पुढे, त्याचा तोल राखायला खांदे मागे, आणि दोन्हींच्या मध्ये कमरेला मागून पडलेली खोल खोबण. निऱ्या पुढून चार बोटं वर उचललेल्या. पंचवीस वर्षं जिच्या मागेमागे फिरले, तिची पाठ मला एका टेलरने दाखवावी लागली.

माझ्या लग्नाला दोन महिने राहिले होते. काळजी करणं हा माझा जन्माचा उद्योग. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मनाने मी थेट मांडवात पोचले. कन्यादानाला आईबाबांनी पाटावर बसायचं असतं. आई बसेल कशी? आणि बसलीच, तर एवढ्या लोकांसमोर उठेल कशी?

आई जमिनीवर बसायची बंद होऊन दोन वर्षं झाली होती. जेवायला खुर्ची, भाजी निवडायला पलंग, देवाला नमस्कार उभ्यानेच. वाकायला गेली की पोट मांड्यांना अडायचं आणि श्वास वर अडकायचा. कुणी मागून हाक मारली तर नुसती मान वळायची नाही, सगळी आईच वळायची. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबा, मी आणि ती हे रोज बघत होतो आणि तिघंही त्यावर चकार शब्द काढत नव्हतो.

एकटी काकू तेवढी बोलली होती, साखरपुड्याच्या दिवशी. "जाऊबाईंना नाही जमलं तर आम्ही दोघं बसू हो पाटावर. त्यात काय एवढं!" तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. टेलरकडून आल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी नाक्यावरच्या बूथवरून तिला फोन लावला. "काकू, तुम्ही आपलं तयारीत राहा. पण आईला बोलू नका." आईची कंबर दुखेल याची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर सासरचे लोक हसतील याची जास्त होती. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

मग आला पट्टा. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी सुचवलं, मी मेडिकलमधून आणला. कमरेचा रुंद, इलास्टिकचा. रोज सकाळी मी आईच्या मागे उभी राहून तो आवळायचे. पट्टा बसला की आई जरा ताठ दिसायची, आणि पोटही आत जायचं. फोटोत बरं दिसेल, म्हणून मी आणखी एक घर पुढे ओढायचे. "अगं, श्वास तर घेऊ दे," ती म्हणायची. "थोडे दिवस गं आई," मी म्हणायचे. कुणीतरी सांगितलं रात्रीही काढू नका, तर तेही आम्ही ऐकलं.

महिनाभराने एका सकाळी आंघोळीसाठी तिने पट्टा काढला आणि भिंतीला हात लावल्याशिवाय तिला उभंच राहता येईना. मी घाबरून रडायलाच लागले. विरारच्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा किती दिवस बांधला?" आम्ही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पोट पुढे ओढतंय. तुम्ही पडू नये म्हणून कणा मागे वाकून तोल धरतोय. दिवसभर. त्या कामाला पाठीचे आणि पोटाचे स्नायू लागतात, आणि तुम्ही त्यांना महिनाभर रजेवर पाठवलंत. वजन हळूहळू उतरेल, पण हालचाल आजपासून पाहिजे. जेवढं वाकता येतं तेवढं वाका, रोज."

"एका महिन्यात खाली बसता येईल?" मी विचारलं.

"बसणं सोपं आहे," ते म्हणाले. "उठण्याचं बघा."

त्या रात्री मी काकूचा शालू कोणत्या रंगाचा असेल याचा विचार करत झोपले.

मी तेव्हा कामणच्या एका गोदामाच्या ऑफिसात टायपिंग करत होते. एकदा वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. दार अर्धवट उघडं, दारात अर्नाळ्याच्या कोळीणबाईची टोपली. आईचं जिना उतरणं कमी झाल्यापासून ही बाई मासळी घेऊन वर यायची. आत बघते तर आई जमिनीवर!

"आई! पडलीस?" मी किंचाळले.

"पडली नाय ती, बसलीय," कोळीणबाई म्हणाली. "वरडू नको."

आईच्या खाली आमचा देवघरातला पाट होता. कोळीणबाई समोर कमरेवर हात ठेवून उभी, आईहून अंगाने कणभर जास्तच. "बाय, पुढं वाकून उठशील तर पोट आडवं येनार. आदी कुशीवर वळ. हां. आता गुडघा टेक. दुसरा पाय पुढं घे, हात मांडीवर दाब. पाठीनं नको उठू, पायानं उठ. माझं पन पोट काय कमी हाय? रोज टोपली घेऊन उठतेय मी."

आई वळली, गुडघा टेकला, अर्धी उठली आणि डगमगली. मी धावले.

"हात लावू नको तिला! ओढशील तर कंबर जाईल तिची."

त्या दिवशी आई पलंगाचा कठडा धरूनच उठली. तोंड लाल, कपाळावर घाम. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा टाक."

लग्न विरार पूर्वेला, चंदनसारजवळच्या हॉलमध्ये होतं. सकाळी नाश्त्याला काकूने उपमा परत पाठवला, चहासुद्धा घेतला नाही. कन्यादान करणाऱ्यांनी ते होईपर्यंत उपाशी राहायचं असतं. हिरवा शालू नेसून ती पहिल्या रांगेत बसली आणि माझ्याकडे बघून तिने हळूच मान हलवली.

"मुलीच्या आईवडिलांनी यावं," भटजींनी पुकारलं.

आई आली. कमरेला पट्टा नव्हता. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ती बेताबेताने पाटावर टेकली. मंत्र काय चालले होते मला आठवत नाही. हातावरून पाण्याची धार पडत होती.

"आता उठा," भटजी म्हणाले.

बाबा उठले नाहीत. काका हात पुढे करून धावले. "भावोजी, थांबा," आई म्हणाली. तिने अंग कुशीवर वळवलं. गुडघा टेकला. दुसरा पाय पुढे घेतला, एक हात मांडीवर, एक बाबांच्या खांद्यावर. तेव्हा कळलं, बाबा बसून का राहिले होते. मध्येच ती थांबली. बांगड्या वाजल्या, पाट किंचित सरकला, आणि आई उभी राहिली. नेहमीसारखीच, जराशी मागे रेलून.

ती माझ्या मुंडावळ्या नीट करायला जवळ आली. श्वास जोरात चालला होता. कानाशी तोंड आणून म्हणाली, "काकूला आता जेवायला सांग. सकाळपासून उपाशी आहे बिचारी, तुझ्या सांगण्यावरून."