सेंड, रिटर्न आणि प्रफुल्लचा सोलो

“ताई, एक तर अँप बिघडला, नाही तर हा पोरगा. काय ते पाहून सांगा,” गजूभाऊ म्हणाले.

अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या स्टेजवर आम्ही उभे होतो. गजूभाऊंचा लग्नांत वाजवणारा ऑर्केस्ट्रा आहे. पोरगा म्हणजे त्यांचा गिटारिस्ट प्रफुल्ल. त्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. मी अमरावतीत अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे अँप्लिफायर, दुरुस्त करते, म्हणून सकाळीच मला बोलावून घेतलं होतं. संध्याकाळी रिसेप्शन होतं. आपल्या कीबोर्डमध्ये गिटारचाही आवाज आहे, असं कीबोर्डवाला गजूभाऊंना अधूनमधून सुचवत होता.

प्रफुल्लने सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, वाजवला. टिनावर तूर ओतावी तसा आवाज आला.

“यात सूर कुठं हाय, मले दाखवा,” गजूभाऊ म्हणाले. “आज नाई जमलं तर गिटार बंद.” आणि ते जेवणाचं पाहायला गेले.

मी गिटार सरळ अँपला लावली. आवाज ठीक. डिले, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी काढणारा पेडल, वेगळा तपासला. तोही ठीक. बिघडलं काहीच नव्हतं. क्रम चुकला होता.

गिटारच्या अँपमध्ये दोन भाग असतात. पहिला आवाजाला धार देतो, जरा खरखर आणतो. दुसरा तो मोठा करतो. प्रफुल्लचा डिले पहिल्या भागाच्याही आधी लावलेला. त्यामुळे सूर आणि त्याचे सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून खरखरत होते. यावर उपाय अँपच्या मागेच असतो. सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं. धार आलेला आवाज सेंडमधून बाहेर पडतो, पेडलमधून फिरतो आणि रिटर्नने दुसऱ्या भागात जातो. याला इफेक्ट्स लूप म्हणतात.

“भाजीत सांबार कधी टाकता?” मी प्रफुल्लला विचारलं. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

“शेवटी. वरून.”

“अन् पयलेच तेलात टाकला तर?”

“काळा पडते.”

“मंग डिले पयले काहून टाकून राहिले?”

त्याने मान हलवली. मी दोन वायरी मागे लावल्या. तो पुन्हा वाजवू लागला.

आता एकेक सूर सुटा ऐकू येत होता. जलद जागी बोटं कुठे अडखळतात, कोणता सूर गाळला जातो, तेही. कीबोर्डवाला हसला.

प्रफुल्ल माझ्याजवळ वाकला. “ताई, पयलेसारखं करता येते काय?”

“येते. पण तो सगळा गोंधळच ऐकू येईन.”

“येऊ द्या. त्यात माह्यं लपते.”

मी वायरीला हात घातला. त्याने माझा हात अडवला. मग म्हणाला, “राहू द्या.”

दुपारभर तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सोलोतून सूर काढून टाकत होता. जमत नव्हते ते गेले. थोडे, लांब सूर उरले. मधल्या जागा डिलेने भरल्या.

संध्याकाळी नवरीच्या मामांनी तोच सोलो पुन्हा वाजवायला लावला. कीबोर्डवाल्याने इमानाने साथ दिली.

गजूभाऊ खुश होऊन माझ्याकडे आले. “दोन वायरीनं एवढा फरक पडते, ताई? मंग आमच्या गायकालेही लूपमधून काढून द्या.”

वायरींनी फक्त चुका दाखवल्या, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रफुल्लच म्हणाला, “हो भाऊ, वायरच चांगली हाय.”

मी तोंड मिटलं. माणूस सुधारला हे पटायला वेळ लागतो. वायर बदलली, हे लगेच पटतं.