मुळे धुणाऱ्या बाईची काच

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून ओढलेल्या विड्यासुद्धा सांगत आलो. आज तुम्ही समोर बसल्यासारखे वाटता म्हणून बोलतो. मध्येच अडलो तर थांबा थोडं.

मी गावोगाव जादूचा दिवा घेऊन फिरायचो. म्हणजे काय, तर देवळासमोर पांढरं धोतर ताणायचं, दिव्यापुढे काचेवरचं चित्र सरकवायचं, की ते धोतरावर माणसाएवढं उमटायचं. बाजूला उभे राहून डॉक्टरसाहेब व्याख्यान वाचायचे. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. व्याख्यानाचा छापील कागद तिकडून यायचा आणि काचांची पेटीही तिकडूनच. पण कागदाचं आणि पेटीचं कधी पटायचं नाही. कोणत्या वाक्याला कोणती काच लावायची, हे जुळवणं माझं काम. मला त्याचा गर्व होता. होय — गर्वच.

अमडापूरला आमची फजिती झाली. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, व्याख्यानात एक वाक्य होतं — घाण पाण्यात भाजी धुणारी बाई घरोघर रोग वाटते. पेटीत त्याजोगी एकच काच: झगा घातलेली कुणी गोरी बाई, नदीवर. लोक पोट धरधरून हसले. पटकी राहिली बाजूला, झग्याचीच चर्चा. गाडीत बसताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "डोणगावला आपल्याकडची बाई हवी."

आपल्याकडची बाई माझ्याजवळ होती, काचेवर.

जानेफळची पार्बताबाई. मळ्यातली भाजी डोणगावच्या बाजारात विकायची. नवरा गेलेला, दोन पोरी, आणि सगळं घर त्या टोपलीवर. मळेशेतीच्या व्याख्यानासाठी म्हणून मी एका फोटोवाल्याला तिच्या विहिरीवर नेलं होतं. ती आधी लाजली. मग ताजे मुळे उपटून आणले आणि दगडी डोणीत धुवायला बसली. काळ्या वावरातली माती ती — डोणीतलं पाणी पार काळं झालं. निघताना तिनं मुळ्यांची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली.

"माहा फोटू मले दाखवसान ना, भाऊ?"

मी म्हटलं, डोणगावच्या बाजाराच्या दिवशी खेळ आहे, त्या दिवशी नक्की.

हे मी विसरलो होतो का? तसं म्हटलं तर सोपं जाईल. नव्हतो विसरलो. डोणगावला खेळाच्या दुपारी काचा लावताना तिची काच उजेडात धरली, ते काळं पाणी पाहिलं, आणि मनात आलं — वा, काय चपखल बसतंय! ती आलीच तर? आली तर स्वतःचा चेहरा बघून हरखेल, शब्दांकडे कोण लक्ष देतं... चित्रं लावणाऱ्याला नेहमी असंच वाटतं, की लोक फक्त बघतात.

ती आली. दिवेलागणीलाच आली — ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन्ही पोरी आणि चार शेजारणी घेऊन, अगदी पुढं बसली. मला पाहून हसली. त्या वेळी, ऐका, सगळं इथंच आहे — ती काच रांगेतून काढून घेणं माझ्या दोन बोटांचं काम होतं. पण मग त्या वाक्याला धोतर कोरं राहिलं असतं. साहेब चारचौघांत बोलले असते. एवढंच भय. यापेक्षा मोठं काही नव्हतं हो!

मी काच सरकवली.

"अवं माय, हे तं पार्बता व्हय!" बायका ओरडल्या. तिनं आनंदानं दोन्ही हात तोंडावर नेले. आणि साहेबांनी ते वाक्य वाचलं.

या वेळी कुणी हसलं नाही. शेजारची बाई जराशी सरकून बसली. पार्बताबाई उठली आणि दिव्याकडे — म्हणजे माझ्याकडे — वळली.

"भाऊ, ते तं वावरातली माती व्हय. तुमी होते ना तिथी. सांगा ना लोकाईले."

डॉक्टरसाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय हो, हे चित्र पटकीच्या साथीतलंच ना?"

मी म्हटलं, "हो साहेब."

तिनं पोरींना उठवलं आणि निघून गेली. खेळ पुढं चालू राहिला.

त्यानंतर डोणगावात घरोघर पाणी उकळू लागलं, साहेबांची वाहवा झाली. त्या वाहवेच्या आड मी बरीच वर्षं बसून पाहिलं — जीव तर वाचले ना लोकांचे! पण मातीला पटकी म्हटल्यावाचून ते वाचले नसते का?

अजून एक राहिलं. तेच सांगायला जड जातंय.

पुढच्या बाजाराला मी डोणगावातच होतो. ती नेहमीच्या जागी बसली होती. मुळे इतके घासून धुतलेले, की एकाच्याही शेंड्याला मातीचा कण नव्हता. लोक जवळ येत, तिला ओळखत आणि पुढं जात. मी तिथं थांबून एक जुडी घेतली असती तर? सगळ्यांनी पाहिलं असतं, दिवेवाला स्वतः हिच्याकडून घेतो म्हणून. कदाचित तेवढ्यानंही भागलं असतं. तिनं मला पाहिलं. एक जुडी उचलून माझ्याकडे धरली.

मी पलीकडच्या बाईकडून मुळे घेतले.